मिक्स्ड लॉजिट : आवड मोजतो की नाइलाज?

चॉइस मॉडेलिंगवर पीएचडी करणार असाल, तर केनेथ ट्रेन यांचं ‘डिस्क्रीट चॉइस मेथड्स विथ सिम्युलेशन’ (2003, दुसरी आवृत्ती 2009) हातात येणारच. पुस्तक खरंच चांगलं आहे, वाचाच. तक्रार आहे ती ते वाचून आपण जे करतो त्याबद्दल.

चारोटी नाका घ्या. डहाणू रोड स्टेशनला जायला निम्मे लोक लाल एसटी घेतात, निम्मे शेअर जीप, असं धरू. आता त्याच वेळेला, त्याच भाड्यात निळी एसटी सुरू केली. साधा लॉजिट सांगतो, तिघांना एक-एक तृतीयांश. म्हणजे बसला रंग दिला आणि जीपवाल्याचं गिऱ्हाईक तुटलं! प्रत्यक्षात निळी बस लाल बसचेच प्रवासी खाणार. (पुस्तकी उदाहरणातही बस लाल आणि निळीच आहे. आपल्याला लाल शोधावी लागत नाही, एवढंच.)

मिक्स्ड लॉजिट प्रत्येकाचा सहगुणक वेगळा मानतो : कुणाला वेळ महत्त्वाचा, कुणाला पैसा. योग्य चलं आणि योग्य वितरण घेतलं, तर यादृच्छिक उपयुक्ततेचं कुठलंही मॉडेल याने हवं तितक्या जवळून गाठता येतं, हे मॅकफॅडन आणि ट्रेन यांनी 2000 साली दाखवलं. पेपरांत हे प्रमेय सढळ हाताने येतं, त्यातला ‘तर’ मात्र गळतो. आपण नॉर्मल वितरण निवडून मोकळे! मग काही लोकांसाठी भाड्याचा सहगुणक धन येतो, म्हणजे त्यांना महाग तिकीट जास्त आवडतं. लॉगनॉर्मल घेतलं की चिन्ह सुधारतं, पण सहगुणक शून्याजवळ असलेल्यांची ‘तास वाचवायला किती द्याल’ ही रक्कम अवाच्या सवा फुगते.

वितरणाचं निस्तरता येईल. पर्यायांच्या यादीचं काय? पाड्यावरून नाक्यापर्यंत चालत आलेल्या माणसाची एसटी निघून गेलीय आणि समोर फक्त जीप आहे. डेटात नोंद होते : ‘जीप निवडली’. मॉडेल म्हणतं, याला जीप आवडते. उद्या याच आकड्यांवरून ‘एसटीला मागणी नाही’ म्हणत फेरी बंद झाली, तर? ट्रेन यांच्या पुस्तकातल्या, मॉन्टानात हौसेने मासे पकडायला जाणाऱ्यांच्या उदाहरणात हा प्रश्न तितका टोचत नाही. चारोटीला टोचतो.

मॅन्स्की यांनी 1977 मध्येच निवडीचे दोन टप्पे केले होते : आधी माणसापुढे कोणते पर्याय होते याची संभाव्यता, मग त्यांतली निवड. गणित वाढतं, म्हणून आपण ते टाळतो. निदान प्रश्नावलीत एक ओळ घाला : ‘त्या वेळी दुसरं काय मिळत होतं?’