वर्गातली हालचाल : कोणाची आणि कुठवर?

मूल हातपाय हलवीत शिकते, ही गोष्ट आता नव्याने सांगण्याची राहिलेली नाही. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममधील सान लोरेन्झो या मजूरवस्तीत बालगृह उघडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. मूल कोणत्या वस्तीतले आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही खेळातून, कृतीतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. याविषयी माझा वाद नाही. वाद आहे तो आजच्या प्रशिक्षणवर्गांत गृहीत धरलेल्या 'मुला'शी. या मुलाला हात आहेत, पाय आहेत. जात तेवढी नाही.

सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. कुमठे बीटमधील शाळांचा ज्ञानरचनावादी प्रयोग 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात राज्यभर गाजला. फरशीवर अक्षरे आणि संख्या रंगविल्या गेल्या, मुले बाकावरून जमिनीवर आली. फरशीवरची संख्यारेषा हे मोठे साधन आहे. वरच्या वर्गात ती शून्याच्या मागे वाढविली, की पाचातून आठ वजा करताना मूल पाचावर उभे राहते, मागे आठ उड्या मारते आणि शून्य ओलांडून उणे तीनवर थांबते. ऋण संख्या त्याच्या पायांना कळते.

याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेब इंग्रजी शाळेत दाखल झाले. तिथली जमीन सर्वांची नव्हती. त्यांना वेगळे बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा होता. शाळेचा नोकर त्याला शिवत नसे, म्हणून तो रोज घरी न्यावा आणि परत आणावा लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलाविले, तेव्हा फळ्यामागचे डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलेच आधी धावली. धनंजय कीर यांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. वर्गात हालचाल झाली ती अशी!

हा इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. मी ज्या शाळेत शिकलो तिथे 'हात धरून वर्तुळ करा' अशी आज्ञा झाली, की आमच्या वस्तीतल्या मुलाचा हात न धरता शेजारचा मुलगा सदऱ्याची बाही धरी. गुरुजींना वर्तुळ पूर्ण दिसे. एरवी हालचाल आमच्या वाट्याला भरपूर होती : वर्ग झाडणे, सतरंज्या झटकणे, मैदानावरचे दगड वेचणे. त्याला मात्र कोणी कृतियुक्त शिक्षण म्हटले नाही.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढील निवेदनात शेतकरी वर्गातून आलेले, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारे शिक्षक मागितले होते. श्रमाची लाज बाळगणारा शिक्षक मुलाचा देह वर्गात मोकळा कसा करणार?

मी आज महाविद्यालयात मराठी शिकवितो. प्राध्यापकांच्या एका प्रशिक्षणात आम्हाला 'चार कोपरे' हा खेळ दाखविला गेला : विधान वाचायचे, विद्यार्थ्याने आपल्या मताच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. कथेतल्या पात्राच्या निर्णयाविषयी मी तो घेतो. एरवी तोंड न उघडणारी मुलेही चालत जातात, आणि उभे राहिल्यावर 'इथेच का?' हे सांगणे आले. परंतु प्रशिक्षणात नमुन्यादाखल दिलेले विधान आरक्षणाचे होते. या प्रश्नावर कोण कुठल्या कोपऱ्यात गेला, त्याला आपला वर्ग मत समजत नाही, जात समजतो. शिष्यवृत्तीचा अर्ज लपवून भरणाऱ्या मुलीला आपण सर्वांदेखत त्या कोपऱ्यात चालत जा म्हणतो, हे त्या तज्ज्ञांच्या ध्यानीही नव्हते.

अशा विषयावर मी प्रथम बिननावाचे कागद लिहून घेतो, ते मिसळतो आणि परत वाटतो. ज्याच्या हाती जो कागद येईल, त्याने त्या कोपऱ्यात उभे राहून तीच बाजू मांडायची. याला वेळ फार जातो, अभ्यासक्रम मागे राहतो, अशी सहकाऱ्यांची तक्रार आहे. ती खरी आहे.