बँडपास सॅम्पलिंग : निऱ्यांमध्ये काय दडतं?

मंडळी, आज आम्ही टीका करणार आहोत, पण पद्धतीवर नव्हे, ती शिकवली जाते त्यावर. १९९९ मध्ये अकोस, स्टॉकमास्टर, त्सुई आणि काशेरा यांनी अनेक वेगळे रेडिओ सिग्नल एकाच एडीसीने थेट कसे घ्यायचे, ते मांडलं. वर्गात त्यातलं उरतं एवढंच : हवे ते सिग्नल घडी पडल्यावर एकमेकांवर येऊ नयेत, बस्स.

विजयदुर्गच्या धक्क्यावर असा रिसीव्हर बसवू या. हवंय काय? चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटातल्या बोटीची तोंडी हाक. आणि जहाजांची ठिकाणं सांगणाऱ्या एआयएसचे दोन चॅनेल, १६१.९७५ आणि १६२.०२५.

सॅम्पलिंग १ मेगाहर्ट्झने केलं, तर एआयएसचे दोन्ही चॅनेल २५ किलोहर्ट्झवर एकमेकांच्या डोक्यावर बसतात. १.१ घेतलं, की २७५, ३२५ आणि ५०० किलोहर्ट्झ. सगळे सुटे! वर्गात इथे टाळ्या पडतात.

पण स्पेक्ट्रमच्या निऱ्या घालताना नको असलेलं कापडही दुमडतंच ना? चॅनेल ७० बघा, १५६.५२५, डिजिटल संकटसंदेशाचा. तोही ३२५ वरच येतो, थेट एआयएसवर. चॅनेल ६९ नेमका २७५ वर. म्हणजे एखादी बोट मदत मागत असेल, त्याच क्षणी आमचा पडदा बिघडणार. तो संदेश फिल्टरने अडवावा, तर चॅनेल १६ पासून तो जेमतेम २७५ किलोहर्ट्झवर आहे. १५६ मेगाहर्ट्झवर इतका धारदार फिल्टर काही स्वस्तात मिळत नाही. शिवाय साडेसहा मेगाहर्ट्झ रुंद फिल्टर ठेवला, तर साधारण बारा निऱ्यांचा गोंगाट एकत्र येतो, जवळजवळ ११ डेसिबलचा तोटा. हे सगळं फळ्यावरच्या 'बस्स'मध्ये गडप!

आम्ही इथे २२ मेगाहर्ट्झ घेऊ. १५४ ते १६५ हा पट्टा मग एकाच निरीत मावतो : चॅनेल १६ येतो २.८ वर, एआयएस ८ च्या आजूबाजूला, आणि चॅनेल ७० आपल्या जागी, २.५२५ वर. फिल्टरला दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा उरते. नमुने वीसपट झाले, हे खरं. आजच्या साध्या संगणकाला ते जड नाहीत.

क्लॉकची थरथर मात्र यानेही सुटत नाही. ती मूळ १६२ मेगाहर्ट्झलाच भिडते : १० पिकोसेकंदांची थरथर असेल, तर सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ४० डेसिबलच्या आसपास अडकतं, सॅम्पलिंग १.१ ने करा की २२ ने.