आडवा अक्ष तपासा: शिडांच्या एका तक्त्याचं परीक्षण

आज पेपरऐवजी एका तक्त्याचं परीक्षण करू. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत ‘क्रॉसओव्हर चार्ट’ वापरतात. उभ्या अक्षावर वाऱ्याचा वेग. आडव्या अक्षावर वारा होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, किती अंशांवरून येतोय तो कोन. मध्ये रंगीत पट्टे: इथे हे शीड लावा, तिथे ते.

वारा मागून आणि मंद असेल तर छोट्या होडीपुढे साधारण दोन पर्याय असतात. एक, डोलकाठीला आडवा दांडा लावून फुगवलेलं सममित स्पिनेकर, जसं जे/24 वर असतं. हे वाऱ्याबरोबर जवळजवळ सरळ नेता येतं. दुसरं, नाळेपुढच्या दांड्याला बांधलेलं असममित स्पिनेकर, जे/70 सारखं. सरळ गेलात तर ते मोठ्या शिडाच्या आडोशात सापडून लोंबतं, म्हणून होडी तिरकी, नागमोडी न्यावी लागते.

तक्त्याचं श्रेय आधी देऊ. होडीवर विचार करायला वेळ नसतो, आणि तक्ता झटकन उत्तर देतो. पण बऱ्याच तक्त्यांत आडव्या अक्षावर ‘भासमान’ वाऱ्याचा कोन असतो, म्हणजे चालत्या होडीवरून जाणवणारा. खरी गोम इथेच आहे.

जरा आकडेमोड करू. खरा वारा 6 नॉट. सरळ जाणारी होडी 3 नॉटने चालली तर तिला वारा जाणवतो फक्त 3 नॉट. आता 40 अंश तिरकं जा. अंतर सुमारे 30 टक्के वाढलं, म्हणजे बरोबरी साधायला निदान 3.9 नॉट वेग हवा. तो मिळाला तर भासमान वाराही जवळपास 3.9 नॉट होतो. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे शिडाला सुमारे 1.7 पट जोर. वेगामुळे वारा वाढतो, वाऱ्यामुळे वेग.

आता त्याच तिरक्या वाटेवर, त्याच वाऱ्यात दोन शिडं लावून बघा. एकाने 3 नॉट मिळाले, तर वारा नाळेपासून सुमारे 112 अंशांवर जाणवेल. दुसऱ्याने 3.9 मिळाले, तर 100 अंशांवर. परिस्थिती एकच, पण तक्त्यावर जागा दोन! म्हणजे ज्या कोनावरून शीड निवडायचं, तो कोन आधी लावलेल्या शिडानेच ठरवलाय. जोराच्या वाऱ्यातही हे होतं. पण मंद वाऱ्यात अर्धा नॉट म्हणजे होडीच्या वेगाचा मोठा हिस्सा, त्यामुळे चूक महागात पडते.

मग खरा वारा अक्षावर घ्यावा? घ्यावाच. पण तोही थेट मोजलेला नसतो. भासमान वारा आणि होडीचा वेग यांवरून काढलेला असतो. वेगमापक चुकला की तोही चुकला. म्हणून दोन शिडांमधली सीमा बारीक रेघेने न दाखवता रुंद पट्ट्याने दाखवायला हवी. आणि तुलना एकाच दिशेने करायची नाही. प्रत्येक शिडाला त्याची सर्वांत फायद्याची दिशा द्यायची, मग खुणेकडे कोण लवकर सरकतं ते बघायचं.

हे मी इतकं लावून धरतोय कारण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. द्रवाच्या पातळ थराचा बाष्पीभवनाचा दर मी पृष्ठभागाच्या तापमानासमोर मांडला. आलेख देखणा आला. गाईडनी एवढंच विचारलं, “बाष्पीभवनाने पृष्ठभाग थंड होतो ना? मग हे तापमान तू ठरवलंस की त्याने?” चार महिन्यांची मोजमापं पुन्हा करावी लागली.

तेव्हा पुढचा आलेख वाचताना रेघेआधी आडवा अक्ष बघा. ती राशी प्रयोग करणाऱ्याने ठरवलीय, की उत्तरच मागच्या दाराने तिथे येऊन बसलंय?