एक मानक, अनेक परंपरा : मुक्तस्रोत आयएसडीएन ड्रायव्हर आणि मराठी लिपी – एक चिकित्सा

प्रस्तावना :
'प्रमाण' ही संकल्पना भाषेच्या अभ्यासकास जितकी परिचित आहे, तितकीच ती अभियंत्यासही आहे. प्रमाणाचे नाव एक असले तरी आचरण एक असतेच असे नाही, हा अनुभवही दोघांचा समान आहे. प्रस्तुत लेखात आयएसडीएन या अंकीय दूरध्वनी व्यवस्थेसाठी लिनक्सवर लिहिल्या गेलेल्या 'हायसॅक्स' या मुक्तस्रोत ड्रायव्हरची चिकित्सा करून त्या प्रकाशात मराठीच्या संगणकीय लेखनाचा विचार केला आहे.

एक शिफारस, अनेक बोली :
आयएसडीएनच्या शिफारशी सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८४ मध्ये संमत केल्या. ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या आणि संकेतांसाठी १६ किलोबिटची तिसरी, ही मूलभूत जोडणीची रचना सर्वत्र सारखी होती. परंतु संभाषण जुळविण्याचे व तोडण्याचे नियम देशागणिक बदलले. जर्मनीत आरंभी '१टीआर६' होते, १९८९ च्या करारानंतर युरोपात 'डीएसएस१' रुजले, तर अमेरिकेत 'एनआय१' आले. आवाजाचे अंकीकरणही अमेरिका व जपानमध्ये म्यू-नियमाने, तर युरोप व भारतात ए-नियमाने होत असे.

हायसॅक्सने खालचे थर सामाईक ठेवून तिसऱ्या थरासाठी प्रत्येक पद्धतीची स्वतंत्र फाईल केली. भेदाला निश्चित जागा देणारी ही रचना निःसंशय प्रशंसनीय आहे. तथापि एनआय१ ची फाईल डीएसएस१ च्या फाईलवरून बेतलेली असल्याने बराचसा भाग दोन्हीकडे तोच राहिला. परिणामी एकीतील दोष सुधारला तरी दुसरीत तो उरण्याचा संभव होता. भेद जपताना साम्य वेगळे काढावे लागते, याचे भान येथे कमी पडले.

मान्यतेचा पेच :
दूरध्वनीच्या जाळ्यास जोडावयाच्या उपकरणास युरोपात मान्यता आवश्यक असे. हायसॅक्सला काही ठरावीक कार्डांसह ती मिळाली, मात्र संहितेच्या एका विशिष्ट प्रतीपुरतीच. संहितेत बदल होताच तपासणी-संख्या जुळत नसे आणि मान्यता लागू नसल्याचा संदेश उमटे. ज्या आज्ञावलीचे सत्त्व बदलाच्या स्वातंत्र्यात आहे, तिची अधिकृतता मात्र न बदलण्यावर अवलंबून होती. हा विरोधाभास ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा नव्हे, मानकाच्या कल्पनेचाच आहे.

मराठीचा अनुभव :
१९९१ मध्ये आलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. लिपी एक मानली गेली, पण तीत लिहिणाऱ्या भाषा अनेक आहेत. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत गुरू आणि स्वयंपाकी इतका अर्थभेद आहे; तो दाखविणारा अर्धा 'र' मराठीला अपरिहार्य आहे. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. 'ल' व 'श' यांच्या मराठी वळणांसाठी मात्र वेगळे संकेत दिले गेले नाहीत. तो भेद टंकाकडे सोपविला गेला. मुक्तस्रोत 'लोहित' टंकमालेत आरंभी मराठीचा व हिंदीचा टंक वेगळा होता. पुढे एकच देवनागरी टंक होऊन भाषाभेद त्याच्या आत सामावला गेला. हायसॅक्समध्ये जे पूर्णपणे साधले नाही, ते येथे साधले, असे म्हणता येईल.

निष्कर्ष :
२०१९ मध्ये हायसॅक्स लिनक्सच्या गाभ्यातून वगळले गेले. त्याने शिकविलेला धडा मात्र कालबाह्य झालेला नाही. ज्याच्याकडे ती जोडणी नाही, त्याला तिच्यासाठी लिहिलेला ड्रायव्हर तपासता येत नाही. त्याचप्रमाणे जो मराठी वाचत नाही, त्याला 'आचाऱ्यास' चुकल्याचे कळत नाही. आपल्या महाविद्यालयांतील कितीतरी टंकलिखित मराठी मजकूर जुन्या, परस्परविसंगत टंकांत अडकला असून तो टंक हाताशी नसेल तर निरर्थक अक्षरांचा पुंजका दिसतो. मानक ठरविणे हे केवळ तंत्रज्ञांचे काम आहे असे मानून भाषेचे अध्यापक दूर राहिले, याचीही ती किंमत आहे. भेदाची नोंद करणारा जाणकार उपस्थित नसेल, तर मानकाच्या लेखी तो भेद अस्तित्वातच नसतो.