म्हशीच्या पाठीवरची कविता : 'झोंबी' आणि एक अडचणीचा प्रश्न

गेल्या वर्षी प्रबंधाच्या एका प्रकरणाचा कच्चा मसुदा मी माझ्या गाइडना दिला. त्यात एक वाक्य मी मोठ्या खुशीत लिहिलं होतं : सौंदलगेकर मास्तरांमुळे आनंद यादव लेखक झाले. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, 'कशावरून?' मला रागच आला. कशावरून म्हणजे काय? स्वतः यादवांनीच 'झोंबी'त लिहिलंय की!

पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. लेखकाचं बालपण हा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांना घ्यावासा वाटतो, म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगते.

'झोंबी' 1987 साली आली आणि 1990 मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोल्हापूरजवळच्या कागलमधल्या गरीब शेतकरी घरातला थोरला मुलगा शाळेसाठी बापाशी झगडतो, ही तिची कथा. बाप त्याला शाळेतून काढून शेतात जुंपतो. मग आई आणि मुलगा मिळून एक डाव रचतात. रात्री गावातल्या दत्ताजीराव सरकारांकडे जाऊन गाऱ्हाणं घालतात आणि आपण तिथं गेलो होतो हे बापाला कळू द्यायचं नाही असं ठरवतात. सरकार बापाला झापतात, मुलगा पुन्हा शाळेत जातो. बाप अटी घालतोच : दिवस उगवताच मळ्यात यायचं, तिथून शाळेत, सुटल्यावर पुन्हा गुरांमागं. हिंदी घेतलेल्यांनी बारावीच्या 'वितान'मध्ये 'जूझ' नावाने हा भाग वाचलाही असेल.

या भागावर परीक्षेत ठरलेलं उत्तर लिहिलं जातं. शेत म्हणजे अंधार, शाळा म्हणजे उजेड, मास्तर म्हणजे दिवा. मीही तेच लिहिलं होतं, फक्त पीएच.डी.च्या भाषेत.

आता पुस्तक परत उघडून बघा. शाळेत परतल्यावर पहिल्याच दिवशी वर्गातला एक पोरगा त्याची टर उडवतो, डोक्यावरचं फडकं ओढतो, धोतराला हात घालतो. म्हणजे उजेड लगेच पडत नाही. मराठीचे मास्तर पुढे भेटतात. ते कविता चालीवर गातात, अभिनय करतात, स्वतःही लिहितात. कवी म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या जगातली माणसं असं या पोराला वाटत असतं. कविता करणारा माणूस आपल्यासमोर फळ्यापाशी उभा आहे, हाडामांसाचा आहे, हे त्याला दिसतं. मास्तर आपल्याच दारातल्या वेलीवर कविता करतात हे कळल्यावर आपल्याही आजूबाजूला कवितेचा विषय असू शकतो हे उमगतं. माझ्या मते मास्तरांनी दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही परवानगी आहे. वृत्तं, अलंकार, शुद्धलेखन हे त्यानंतरचं.

पण कविता तयार कुठे होते? मळ्यात. पाणी पाजताना तो मास्तरांच्या चालीवर मोठ्याने गातो, हातवारे करतो, आणि वाफा कधी भरला ते कळतही नाही. पूर्वी मळ्यात एकटं राहणं त्याला नकोसं व्हायचं. आता एकटेपणच हवंसं वाटतं, कारण गायला आणि नाचायला कुणाची आडकाठी नसते. ही जागा मी पहिल्या वाचनात भरकन ओलांडली होती. ज्या कामापासून सुटका व्हावी म्हणून तो भांडतो, तेच काम त्याला लिहिण्याचा एकांत देतं. याचा अर्थ शेतातले कष्ट चांगले होते असा नाही हं. बापाचा मार आणि घरातली उपासमार पुस्तकात पानोपानी आहे. पण शाळा विरुद्ध शेत ही सोपी मांडणी इथं कोसळते.

दुसरी अडचण 'गोतावळा'ची. 1971 ची ही कादंबरी नारबा नावाच्या शेतगड्याच्या तोंडून, पूर्ण बोलीत सांगितलेली आहे. शुद्धलेखन शिकवणाऱ्या मास्तरांपासून या भाषेपर्यंत सरळ रस्ता जात नाही. ही भाषा मळ्यातून, घरातून, आईबापाच्या बोलण्यातून आलेली आहे. आणि ती आई निरक्षर.

तिसरी अडचण जास्त खोलातली. 'झोंबी'त एक तपशील आहे : कागद-पेन्सिल जवळ नसली की पोरगा काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी ओढतो, नाहीतर दगडाने शिळेवर लिहितो, आणि पाठ झाली की पुसून टाकतो. वाचताना मला हे गोड वाटलं होतं. संशोधक म्हणून मात्र पोटात गोळा आला. या ओढीचा पहिला पुरावा पुसला गेलाय! आपल्या हातात आहे ती पस्तीस-चाळीस वर्षांनी, विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाने लिहिलेली आठवण. पुढे आपण लेखक झालो हे त्याला माहीत आहे. त्यामुळे कुठला मास्तर महत्त्वाचा आणि कुठला दोन ओळींत संपवायचा, ही निवड त्या माहितीतून होते.

यादव खोटं सांगतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. फिलिप लेजन या फ्रेंच अभ्यासकाने आत्मचरित्राला लेखक आणि वाचक यांच्यातला करार म्हटलंय : लेखक, निवेदक आणि नायक एकच आहेत, असं लेखक वाचकाला कबूल करतो. 'झोंबी'त नाव तेच आहे, पण पुस्तकाला म्हटलं जातं आत्मचरित्रात्मक कादंबरी. म्हणजे करार अर्धाच झाला. शेजारी दया पवारांचं 'बलुतं' (1978) ठेवा. तिथं लिहिणारा आणि आठवणारा असे दोघं सुरुवातीलाच समोरासमोर बसतात, आजचा माणूस कालच्याकडे बघतोय हे लपत नाही. 'झोंबी'त प्राध्यापक जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणूनच आपण पोराबरोबर इतके वाहवत जातो. पुस्तकाचं हे बळच आहे, आणि माझ्यासारखीची फसगतही तिथंच झाली.

मसुद्यातलं ते वाक्य मी शेवटी असं बदललं : 'आपल्या लेखकपणाची सुरुवात यादव सौंदलगेकर मास्तरांपाशी मांडतात.' क्रियापद तेवढं बदललं, पण त्यामुळे सगळं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. आता मला विचारायचं होतं की सुरुवात तिथंच का मांडली. दत्ताजीरावांकडे जायची वाट आईने धरली, बापाचा राग तिनेच अंगावर घेतला. माझ्या पहिल्या मसुद्यात तिला दीड ओळ होती, मास्तरांना अकरा पानं. मॅडमनी नवा मसुदा अजून परत दिलेला नाही.