पाक, चासणी आणि परिपाक

आमच्या समीक्षकांच्या लेखणीला ज्या कांहीं शब्दांची सवय जडली आहे, त्यांत 'परिपाक' हा एक होय. नवी कादंबरी ही दीर्घ चिंतनाचा परिपाक असते, कवितेंत करुणरसाचा परिपाक झालेला असतो; आणि वाचकही असें वाक्य न अडखळतां ओलांडून पुढें जातो. हें न अडखळणें चांगलें लक्षण नव्हे. ज्याला हा शब्द वापरावयाचा आहे त्यानें संक्रांतीच्या आदल्या दिवशीं चुलीपाशीं जाऊन पाहावें. गूळ वितळूं लागला कीं घरची बाई थेंबभर पाक पाण्यांत सोडते, किंवा दोन बोटांत धरून त्याची तार ओढते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद असे टप्पे तिला ठाऊक असतात, आणि क्षणाचा उशीर झाला तर वडीचा दगड होतो हेंही ठाऊक असतें. आमच्या परीक्षणांत मात्र परिपाक झाला किंवा न झाला, एवढेंच. किती झाला, हें विचारण्याची सोय नाहीं.

या शब्दाचा संसार पूर्वीं फार मोठा होता. मूळ 'पच्' हा धातु एकटा तीन कामें करी: चुलीवर शिजविणें, झाडावर पिकणें आणि पोटांत जिरणें. मराठीनें ही मिळकत वाटून टाकली. पोटाचें काम 'पचणें' या क्रियापदाकडे आलें. झाडाचें व शेताचें 'पिकणें' याकडे गेलें. 'पीक' हें 'पक्व' याचेंच रूप असल्यानें वाशिमच्या शिवारांत उभी असलेली तूर आणि सोयाबीन हीं व्युत्पत्तीच्या दृष्टीनें स्वयंपाकाचींच भावंडें ठरतात. गळूं पिकतें, केस पिकतात, रस्ता पक्का होतो, हेंही त्याच घरचें. चुलीचें काम मात्र 'शिजणें' आणि 'रांधणें' या परक्या घराण्यांनीं उचललें. खुद्द 'पाक' या नामाच्या वांट्याला साखरेची कढई तेवढी उरली. शिवाय आलेपाक, कोहळेपाक, आणि वैद्याच्या पोथींतले विपाक व मुखपाक. 'तो धंद्यांत पाक बुडाला' या वाक्यांतील 'पाक' फारशी आहे. मूळ अर्थ शुद्ध, साफ; ध्वनि जुळतो म्हणून त्याच्याशीं सोयरीक जुळवूं नये.

वऱ्हाडांत 'सयपाक' असा उच्चार ऐकूं येतो, आणि भाजी 'रांधली' जाते. तेथें 'पिकेल आंबा' म्हणजे पिकलेला आंबा. पुण्याचा वाचक तें रूप भविष्यकाळाचें समजून वाट पाहत बसेल, आणि वाशिमचा माणूस तोंवर कोय चोखून मोकळा होईल!

पाकाला 'चासणी' असा दुसरा शब्द आहे. कोशकार दोन्ही शब्द शेजारीं मांडून एकाचा अर्थ दुसरा, असें सांगतील. वस्तु एक आहे खरी. पण 'चाशनी' हा फारशी शब्द असून त्याचा मूळ अर्थ चव, चाखून पाहण्यापुरता अंश. म्हणजे एकाच कढईकडे 'पाक' हा अग्नीच्या बाजूनें पाहतो आणि 'चासणी' ही जिभेच्या बाजूनें. एकांत करणाराचें काम आहे, दुसऱ्यांत चाखणाराचें. कवि आणि टीकाकार यांच्यांतही याहून निराळें अंतर नसावें.

वाशिमचें नांव येथें केवळ बोलीसाठीं घेतलेलें नाहीं. वाशिम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. राजशेखरानें दहाव्या शतकाच्या आरंभीं रचलेल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरांत लावून दिला आहे. हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत पहिलें पुष्प म्हणून छापला गेला. त्याच्या पांचव्या अध्यायांत 'पाक म्हणजे काय' असा सरळ प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर एक नव्हे.

वामनाच्या अनुयायांचें म्हणणें असें, कीं काव्यांतील पद उचलून त्याच्या जागीं पर्यायशब्द ठेवतां येत नाहीं, अशी अवस्था आली म्हणजे शब्दपाक झाला. ही कसोटी मोठी मोहक आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीच्या नांवावर ती लावून पाहावी. 'आंच' म्हटलें तर ती कमीजास्त करतां येते. 'झळ' लागते आणि निघून जाते. 'ऊब' तर सुखाचीच. राखेखालूनही अंगाला लागत राहते ती 'धग'. कौतिकच्या संसाराला दुसरा शब्द चालला नसता. येथें वामनमत जिंकलें असें वाटतें.

पण राजशेखर आपल्या पत्नीचें, अवंतिसुंदरीचें, मत पुढें मांडतो, आणि ती हें सारें एका फटक्यांत उडवून लावते. पद हलत नाहीं हा पाक नव्हे, ती अशक्ति होय, असें ती म्हणते. थोर कवींच्या एकाच विषयावरील उक्ति नाना प्रकारच्या असूनही साऱ्या पक्वच असतात. म्हणून रसाला उचित अशी शब्दार्थांची मांडणी हाच पाक.

मला अवंतिसुंदरीचा पक्ष अधिक खरा वाटतो, आणि आज तर तो अधिकच निकडीचा आहे. बोलींतील चार अनोळखी शब्द पेरले कीं लेखनाला मातीचा गंध आला, असा निर्वाळा देणारे परीक्षक आपल्यांत पुष्कळ आहेत. तो शब्द हलत नाहीं हें खरें. पण तो पिकला आहे म्हणून हलत नाहीं, कीं त्याचा पर्याय परीक्षकाला ठाऊक नाहीं म्हणून? 'रांधणें' लिहिल्यानें वाक्य शिजत नाहीं. 'धग'चें यशही मग निराळें दिसूं लागतें. तो शब्द अढळ आहे तो वऱ्हाडी वातावरणामुळें नव्हे. त्या कथेच्या रसाला दुसरा कोणता उष्मा मानवला नसता म्हणून.

त्याच अध्यायांत राजशेखर पाकाचे नऊ प्रकार फळांच्या नांवांनीं सांगतो. आरंभीं व शेवटींही बेचव तो निंबाचा पाक; आरंभीं बेचव पण शेवटीं गोड तो द्राक्षाचा; दोन्हीकडे गोड तो नारळाचा. बोर, चिंच, आंबा, काकडी यांचे पाक मधल्या पायऱ्यांवर. वांग्याच्या पाकाची सुरुवात बरी, शेवट बेचव. सुपारीचा आरंभ उत्तम आणि शेवट फसलेला; पहिल्या पन्नास पानांवर आशा लावून पुढें हातावर तुरी देणाऱ्या आमच्या किती कादंबऱ्यांना हें नांव शोभेल! निंब, वांगें आणि सुपारी हे तीन पाक टाकून द्यावे, बोर, चिंच आणि काकडी यांच्यावर संस्कार करावा, उरलेले तीन स्वीकारावे, असा त्याचा निवाडा आहे. 'रसपरिपाक साधला आहे' या मुक्या वाक्यापेक्षां 'हा काकडीचा पाक आहे, संस्कार हवा' हें वाक्य नवोदित लेखकाला कितीतरी उपयोगी पडेल.

या नवांच्या बाहेर त्यानें एक दहावा पाक ठेवला आहे, कवठाचा. त्याची चव कोठेंच स्थिर नाहीं. पेंढा झाडीत बसावें तेव्हां एखादा दाणा हातीं लागावा, तसें त्यांत क्वचित् एखादें सुभाषित सांपडतें. शिवरात्रीला गूळ घालून कवठाची चटणी आपण करतों. मासिकांत छापल्या जाणाऱ्या कवितांसाठीं इतका गूळ कोठून आणावा, हें संपादकांनींच सांगावें.