‘समस्थायित्व’ ही संज्ञा : तिचा अर्थ आणि तिचा वापर

भूशास्त्रातील ‘आयसोस्टसी’ या कल्पनेस मराठीत ‘समस्थायित्व’ हा प्रतिशब्द योजलेला आढळतो. काही लेखक नुसत्या ‘संतुलना’वर किंवा ‘समतोला’वर भागवितात, परंतु हे शब्द इतके मोघम आहेत की तराजूपासून अंदाजपत्रकापर्यंत कोठेही चालावेत. ‘समस्थायित्व’ हा शब्द मूळ ग्रीक घटकांशी इमान राखतो. मात्र दोष मुळातच आहे, आणि तोही भाषांतराबरोबर मराठीत आला आहे.

अमेरिकन भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी १८८९ मधील निबंधात ही संज्ञा रूढ केली. ‘आयसोबरी’, म्हणजे समभारता, हा शब्द अधिक बरा ठरला असता, परंतु तो आधीच दुसऱ्या कामी गुंतला आहे, असे त्यांनी तेथेच नमूद केले आहे. मराठीतही तेच घडले. ‘समभार रेषा’ हवेच्या दाबाच्या नकाशांत स्थिरावल्यामुळे ‘समभार’ हा शब्द भूशास्त्रास मोकळा राहिला नाही.

यात हानी ती काय? ‘सम’ आणि ‘स्थायी’ म्हटले की काहीतरी सारखेपणाने उभे आहे असे वाटते. वस्तुतः पर्वत व मैदाने यांची उभारणी मुळीच सारखी नसते. सारखा असतो तो खाली, एका विवक्षित खोलीवर, वरच्या खडकांचा पडणारा दाब. संज्ञेच्या नावात नेमका हा दाबच नाही.

या कल्पनेचा उगम हिंदुस्थानच्या सर्वेक्षणात झाला. कल्याणपूर आणि दिल्लीच्या उत्तरेकडील कलियाना यांमधील अक्षांशांतर ताऱ्यांवरून एक आणि त्रिकोणमापनाने दुसरे आले, फरक ५.२३६ विकलांचा होता. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा ढळला असावा, हे उघड होते. परंतु कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हे आकर्षण गणिताने काढले, तेव्हा उत्तर १५.८८५ विकला आले. म्हणजे पर्वताच्या दृश्य वस्तुमानाची भरपाई खाली कोठेतरी झाली होती. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी पर्वतास हलक्या कवचाचे खोल मूळ मानले. १८५९ मध्ये प्रॅट यांनी उंच भागाखालचा खडकच कमी घनतेचा मानला. ही दोन्ही चित्रे परस्परविरुद्ध असूनही एकाच अटीत बसतात, कारण अट दाबाची आहे, रचनेची नाही. कवचाची घनता २.७ व त्याखालील प्रावरणाची ३.३ धरल्यास, एअरींच्या पद्धतीने ४ किलोमीटर उंच पठारास १८ किलोमीटर खोल मूळ लागते.

पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा ‘सर्व स्तंभांचे वस्तुमान समान’ अशी व्याख्या दिलेली असते. सपाट भूमीच्या गणितात वस्तुमान व दाब यांत भेद पडत नाही. गोलावर पडतो, कारण तेथे स्तंभ खाली निमुळते होत जातात. डग्लस हेमिंग्वे व इसामू मात्सुयामा यांनी २०१७ मध्ये दाखविले की या दोन व्याख्यांनी निघणारी उत्तरे एकच नसतात. पृथ्वीचे कवच तिच्या त्रिज्येच्या मानाने पातळ असल्याने येथे फरक नगण्य राहतो. परंतु एन्सेलाडससारख्या लहान उपग्रहाच्या बर्फाळ कवचाची जाडी ठरविताना तो दुर्लक्षिता येत नाही. अर्थात येथे वाद केवळ शब्दाचा राहत नाही.

वापरातील दोष याहून ठळक आहे. ‘समस्थायित्वामुळे स्कँडिनेव्हियाची भूमी वर येत आहे’ अशी वाक्ये सर्रास लिहिली जातात. हिमयुगातील बर्फाचे ओझे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी वितळून गेले. बॉथनियाच्या आखाताभोवतीची जमीन आजही वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर उंचावते, ती दाबाचा मेळ अजून बसलेला नाही म्हणून. ‘समस्थायित्व’ हे अवस्थेचे नाव आहे. ते कार्य करणारे बल नव्हे; उचलण्याचे काम उत्प्लावक बल करते, आणि प्रावरणाचा दाटपणा त्यास इतका विलंब लावतो. या हालचालीस ‘समस्थायी समायोजन’ असे निराळे नाव असावे.

शब्द आता बदलू नये. रुळलेली संज्ञा उखडून टाकल्याने गोंधळ वाढतो. परंतु परिभाषाकोशातील अर्थ मात्र ‘भरपाईच्या खोलीवरील दाबाची समानता’ असा स्पष्ट लिहावा, आणि ‘समतोल’ हा पर्याय तेथून काढून टाकावा.